तारीखमामांचा तिसरा रविवार

आमच्या विभागात अख्खं वर्ष भिंतीवर टांगलेलं असतं. पालिकेच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर, दारापासून खिडकीपर्यंत पसरलेला तीनशे पासष्ट घरांचा तक्ता. शहरात चारचौघांत जे काही व्हायचं त्याची परवानगी आमच्याकडून जाते. जानेवारीतली मॅरेथॉन, फेब्रुवारीतलं फुलांचं प्रदर्शन, मग जुन्या गाड्यांची फेरी, पुस्तकमेळा, होड्यांची शर्यत, डिसेंबरातला दिव्यांचा आठवडा. कुत्र्यांचंसुद्धा एक प्रदर्शन भरतं, आणि त्याचे अर्ज माणसांच्या अर्जांपेक्षा नीट भरलेले असतात.

हा तक्ता ज्यांच्या ताब्यात होता त्यांना सगळी इमारत तारीखमामा म्हणायची. अंगानं काटकुळे, कानावर पेन्सिल, आवाज इतका हळू की अर्जदाराला खिडकीत डोकं घालावं लागायचं. आधी पेन्सिलीनं नोंद, साहेबांची सही झाली की शाईनं. साल सांगा, होड्यांची शर्यत कोणत्या तारखेला झाली ते मामा न बघता सांगत. पण स्वतः एकाही कार्यक्रमाला गेलेले नव्हते. "सगळं शहर नाचायला पाठवता आणि तुम्ही घरी?" असं मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "लग्न जुळवणारा प्रत्येक वरातीत नाचतो का?"

मी त्यांच्या समोरच्या टेबलावर टायपिंगला. स्वभावानं चौकस, म्हणजे आमच्या घरच्यांच्या भाषेत भोचक. मामांनी माझं नाव 'चौकशी खिडकी' ठेवलं होतं. ठेवू देत. लोकांना नसतात तेवढे प्रश्न मला पडतात, आणि उत्तर मिळाल्याशिवाय मला जेवण जात नाही.

पहिला प्रश्न पडला तो आकड्यांचा. तक्त्यातल्या प्रत्येक भरलेल्या घराच्या कोपऱ्यात मुंगीएवढा आकडा असायचा. मॅरेथॉनला चौदा, फुलांना नऊ, पुस्तकमेळ्याला चार. मी आठवडाभर तर्क लढवले. पोलीस म्हणावेत तर कमी, तक्रारी म्हणाव्यात तर फारच कमी. शेवटी शरण गेले.

"कचऱ्याच्या गाड्या," मामा म्हणाले. "किती लागतील त्याचा अंदाज. त्यावरून मुकादमाकडे चिठ्ठी जाते, आणि तो झाडूवाल्यांना कामावर बोलावतो."

"पुस्तकांना चार गाड्या?"

"वाचणारेही खातात की गं."

त्यानंतर मला नादच लागला. जेवणाच्या सुट्टीत डबा हातात घेऊन मी तक्त्यासमोर उभी राहायचे आणि आकडे वाचायचे. अशीच वाचत वाचत नोव्हेंबरात पोचले. तिसरा रविवार, शाईनं लिहिलेलं, 'जुना पूल दिन'. कोपऱ्यात शून्य.

शून्य? अहो, शोकसभेलासुद्धा अर्धी गाडी लागते! आणि हा जुना पूल दिन असतो तरी काय? मी याच शहरात जन्मले, त्या पुलावरून शाळेत गेले. आता तो वाहनांना बंद आहे, म्हातारी माणसं सकाळी फिरायला जातात, बस्स. मी कपाटातून फाइल काढली. वर सुरेख अक्षरात नाव, आत एक कागद नाही. अर्जदार नाही, पोलिसांचा दाखला नाही, काहीच नाही. मागच्या वर्षीचीही तशीच. अकरा वर्षांच्या अकरा फायली, सगळ्या पोकळ. आणि दरवर्षी त्या रविवारसाठी चार-पाच जण येऊन जायचे, मामा त्यांना मान वर न करता सांगायचे, "तो दिवस भरलेला आहे."

मी फाइल त्यांच्यापुढे ठेवली आणि नुसती उभी राहिले. मामांचा चेहरा पांढराफटक पडला. त्यांनी आधी दार लोटलं, मग स्वतःची खुर्ची माझ्या टेबलापाशी ओढली.

"माझी आक्का झाडूवाली आहे," ते म्हणाले. "याच पालिकेत."

ही त्यांची थोरली बहीण. आईवडील गेले तेव्हा मामा सात वर्षांचे होते आणि आक्का सतरा. तिनं हातात झाडू घेतला आणि भावाला शिकवलं. भाऊ शिकून पालिकेत लागला, तक्ता सांभाळू लागला. ज्या रविवारी कार्यक्रम, त्या रविवारी झाडूवाल्यांची सुट्टी रद्द. बदली सुट्टी मिळते, पण मंगळवारी नाहीतर गुरुवारी, जेव्हा घरातलं सगळं माणूस बाहेर असतं. आणि शहर वाढत गेलं तसे रविवार भरत गेले. बारा वर्षांपूर्वी तर बावन्नच्या बावन्न भरले.

"मीच भरले," मामा म्हणाले. "साहेबांनी माझी पाठ थोपटली. घरी आलो तर आक्का पाय गरम पाण्यात घालून बसलेली. म्हणाली, तुझ्या त्या तक्त्यात एक घर रिकामं उरलं नाही होय रे? रागावून नाही म्हणाली. सहज म्हणाली. त्या दिवशी मला माझीच लाज वाटली."

रिकामं घर ठेवून चालणार नव्हतं. साहेबांना रिकामं घर दिसलं की ते तिथे काहीतरी आणून बसवतातच. म्हणून मामांनी ते भरून टाकलं, कधीच न होणाऱ्या कार्यक्रमानं, सहीची वाट न बघता थेट शाईनं. आकडा शून्य, त्यामुळे चिठ्ठी नाही. चिठ्ठी नाही म्हणजे शहरातल्या चारशे झाडूवाल्यांना वर्षातून एक रविवार घरी.

"आक्कांना ठाऊक आहे?"

"तिला कळलं तर मला झाडूनं झोडपेल. खोटं लिहिलेलं तिला खपत नाही."

मी शपथ घेतली की हे माझ्या तोंडून बाहेर पडणार नाही. आणि तोंडून पडलंही नाही. माझ्या बोटांतून पडलं.

झालं असं की प्रसिद्धी विभागाला हौस आली. वर्षभराच्या कार्यक्रमांची एक रंगीत पुस्तिका काढायची ठरली आणि त्यांनी यादी मागितली. मामा दाढ काढायला दोन दिवस रजेवर. मी तक्त्यावरून यादी टाइप केली. बोटं टाइप करत होती आणि तोंड शेजारणीशी तिच्या नणंदेविषयी बोलत होतं. पंधरा वर्षं टायपिंग केलेल्या बाईचीच ही चूक. नवशिकी असती तर तिनं निदान वाचलं असतं.

पुस्तिका आली तेव्हा पान सव्वीसवर पुलाचा अख्खा फोटो होता. खाली प्रसिद्धीवाल्यानं आपल्या मनानं ठोकून दिलं होतं, 'शहराच्या लाडक्या पुलावर एक मनमोकळा दिवस. सहकुटुंब या!' प्रती चाळीस हजार, घरोघर वाटून झालेल्या.

मला रडूच कोसळलं. मामा मात्र चिडले नाहीत, आणि त्यामुळे मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ते नुसते हिशेब करत बसले. माणसं आली की कचरा होणार. दुपारी कोणीतरी नियंत्रण कक्षाला फोन करणार, मुकादम घरोघर माणसं पाठवणार, चारशे जण जेवता जेवता उठणार. आणि पुढच्या वर्षीपासून त्या कोपऱ्यात शून्य राहणार नाही. मामांच्या नोकरीचं काय होणार, हे त्या हिशेबात कुठेच नव्हतं. ते मीच मनात धरून बसले होते.

"पाऊस पडला तर?" मी म्हटलं.

"नोव्हेंबरात?"

तिसऱ्या रविवारी सकाळी सात वाजता आम्ही दोघं पुलावर हजर. मामांच्या हातात चार मोठ्या पिशव्या. साडेआठपर्यंत चिटपाखरू नाही. माझा जीव भांड्यात पडतोय तोच पुस्तिका उघडी धरून एक म्हातारं जोडपं आलं.

"कार्यक्रम कुठे आहे?" आजोबांनी विचारलं.

कागदावर अकरा वर्षं खोटं लिहिणाऱ्या मामांना तोंडी खोटं बोलता येत नाही, हे मला तेव्हा कळलं. ते म्हणाले, "हाच."

"सुरू कधी होणार?"

"झालाय."

आजोबांनी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. आजी म्हणाल्या, "बरं झालं. त्या भोंग्यांनी माझं डोकं उठतं." आणि दोघं कठड्याला टेकून पाणी बघत उभी राहिली.

मग माणसं येतच गेली. मला वाटलं होतं पाच मिनिटांत कंटाळून जातील. छे! काही नाही म्हटल्यावर त्यांचं कुतूहलच वाढलं. जो तो दुसऱ्याला विचारायचा, "काय आहे हो इथे?" आणि विचारता विचारता ओळखी निघायच्या. एक शिंपी आणि एक नर्स एकाच शाळेतले निघाले. कोणी सांगितलं की पुलाच्या तिसऱ्या खांबावर बांधणाऱ्यांची नावं कोरली आहेत, तर पन्नास जण वाकून ती शोधायला लागले. नावं नव्हतीच. पण शोधण्यात अर्धा तास गेला आणि कोणी तक्रार केली नाही.

फुगेवाले आले, भेळेचे गाडे आले. इथे मात्र मामांचा आवाज मी पहिल्यांदा ऐकला. "या कार्यक्रमात विक्रीला परवानगी नाही! परवानगी मीच देतो!" गाडे परत फिरले. तरी घरून आणलेला खाऊ होताच. मामा पिशवी घेऊन कागद वेचत फिरत होते, मागून मी. एक टाय लावलेले गृहस्थ मला अदबीनं म्हणाले, "बाई, पिशव्या कुठून घ्यायच्या? आम्हाला पण भाग घ्यायचाय." मी त्यांना माझीच देऊन टाकली.

चारच्या सुमाराला साहेब उगवले. गर्दी बघून त्यांची कळी खुलली. "वा मामा! इतकी वर्षं हा कार्यक्रम लपवून ठेवलात होय? पुढच्या वर्षी इथे स्टेज, तिकडे स्टॉल, रात्री रोषणाई!" मग खाली बघून म्हणाले, "आणि सफाईचं पथक कुठे आहे? थांबा, मी फोन लावतो."

त्यांनी खिशातून फोन काढला. आणि तेवढ्यात मामा माझा हात घट्ट धरून म्हणाले, "आक्का."

पुलाच्या त्या टोकाकडून एक बाई येत होती. ठेवणीतले कपडे, केस नीट बांधलेले, चालणं रमतगमत. शेजारणीच्या पुस्तिकेत वाचून आली होती. भावाला बघून तिला आश्चर्य वाटलं, पण ती आधी गर्दीकडेच बघत राहिली.

"तू इथे काय करतोस? बरं झालं भेटलास," ती म्हणाली. "मला सांग, अशा ठिकाणी आल्यावर माणसांनी करायचं काय असतं? मी बत्तीस वर्षं सगळे कार्यक्रम बघितले, पण संपल्यावर. माणसं असताना कसं दिसतं ते बघावं म्हटलं एकदा. आज सुट्टी आहे ना."

मामांच्या डोळ्यांत पाणी आलं. ते साहेबांकडे वळले आणि त्या हळू आवाजात सगळं सांगून मोकळे झाले. दिवस खोटा आहे, फायली पोकळ आहेत, मी एकट्यानं केलं, या रविवारी झाडूवाल्यांना घरी राहता यावं म्हणून. माझं नाव त्यांनी घेतलंच नाही. मी पुढे होऊन म्हटलं, "यादी मी दिली, साहेब." तेवढंच जमलं.

साहेब फोन हातात धरून उभेच. "अहो, पण मग हा कचरा?" ते म्हणाले. "कोणाला तरी बोलवायलाच हवं की!"

आक्का इतका वेळ भावाकडे टक लावून बघत होती. तिनं त्याला झोडपलं नाही. ती साहेबांना म्हणाली, "बोलवा. तुमचा अधिकार आहे. पण बोलावणं माझ्याही घरी जाईल, आणि मी घरी नाही. मी आज बघायला आलेय."

साहेब तिच्याकडे बघत राहिले. त्यांच्या बंगल्याचा रस्ता ती नऊ वर्षं झाडत होती, हे तिनंच मला नंतर सांगितलं. साहेबांनी तिला ओळखलं नव्हतं. पण फोन त्यांनी खिशात ठेवला.

पुढचं आत्ताच सांगून टाकते. सोमवारी मेमो आला, तो येणारच होता. मामांची बदली जन्म-मृत्यू नोंदणीत झाली आणि तक्ता माझ्याकडे आला. या वर्षी नोव्हेंबरच्या तिसऱ्या रविवारात मी शाईनं लिहिलंय, 'सफाई कामगारांची सुट्टी. कार्यक्रम नाही.' सही घ्यायला गेले तेव्हा साहेबांनी ती ओळ दोनदा वाचली आणि सही केली. कोणता रस्ता कोण झाडतं, याची यादी मात्र मागून घेतली, नावांसकट.

त्या दिवशी साहेब गेल्यावर आम्ही तिघं पुलावरच होतो. ऊन उतरलं, माणसं पांगायला लागली. मामा सकाळपासून उभे, त्यांचे पाय बोलत होते. "चल की आता आक्का," ते म्हणाले, "संपलं सगळं."

आक्का कठड्याला टेकून बसली होती. कोणी झोपलेलं पोर खांद्यावर घेत होतं, कोणी सासूचा हात धरून पायरी उतरवत होतं, टायवाले गृहस्थ भरलेली पिशवी घेऊन ऐटीत निघाले होते. प्रत्येकाकडे ती वळून वळून बघत होती.

"थांब रे जरा," ती म्हणाली. "माणसं घरी कशी जातात, तेवढं बघू दे."