पाटी वर, नळ खाली

मनोहर गेल्याचा फोन आला तेव्हा मी वडाळे तलावाभोवती सकाळची फेरी मारत होतो. पाण्यावर धुके होते, पलीकडचा काठ दिसत नव्हता. "काका, बाबा गेले... झोपेतच," त्याची मुलगी म्हणाली. मी "येतो" म्हणालो आणि उरलेली फेरी पूर्ण करूनच त्याच्या घरी गेलो. अर्धवट सोडलेले काम त्याला आवडत नसे.

रसायनीकडच्या एका कारखान्यात आम्ही बरोबर नोकरी केली. मी यंत्रशाळेत, कंपनीने आसपासच्या गावांसाठी काढलेल्या विभागाचा तो प्रमुख. प्रत्येक कंपनीला कुठल्या तरी गावात आपल्या नावाची पाटी हवी होती, असा तो काळ. सुट्टीच्या दिवशी तो मला आपटा गावाच्या पलीकडे, डोंगरउतारावरच्या कातकरीवाडीत नेई. खाली पाताळगंगा झोपल्यासारखी पडलेली असे. आम्ही न बोलता चढत असू. त्याच्या पिशवीत पितळेचे एक फुलपात्र असायचे. साहेबाला आपल्या भांड्यातून पाणी द्यायला वाडी संकोचे, म्हणून त्याने काढलेला हा उपाय. वाडीतल्या पारूबाईने तो त्याच्यावरच उलटवला. "आमचं भांडं चालत नाय का साहेबाला?" मनोहर ओशाळला. फुलपात्र तिच्या हाती ठेवून म्हणाला, "आता हे तुमचंच. यातूनच पाजा."

वाडीतल्या बायका उन्हाळाभर नदीवरून हंडे चढवत. कंपनीने वरच्या झऱ्याचे पाणी आणून नळ बसवला, तो गाडीरस्त्याशेजारच्या सपाटीवर. पाहुण्यांना सोयीचे आणि पाटीही लांबून दिसे. उद्घाटन झाले, फोटो निघाले. मात्र बायका नदीवरच जात राहिल्या. मनोहरने विचारले तेव्हा पारूबाई म्हणाली, "नळ चांगला हाय, साहेब. पण वाघोबा तितंच बसलाय. बाळंतिणीनं तितं पाय कसा ठेवायचा? अन् देवाच्या तोंडावर धुणं आपटायचं?" सपाटीवरचा तो शेंदरी दगड आम्ही सर्वांनी पाहिला होता. तो देव आहे, हेही ठाऊक होते. विचारले कोणी नव्हते.

मनोहरने नळ खाली, वाडीतल्या जांभळीपाशी नेण्याचा प्रस्ताव ठेवला. बैठकीला मीही होतो. वरिष्ठ म्हणाले, "काम पूर्ण झाल्याचा अहवाल गेला आहे. तो दगडच जरा बाजूला घ्या ना."

"दगड हलणार नाही, साहेब. नळ हलेल."

"आणि आपली पाटी?"

"राहू द्या तिथेच. देवालाही वाचायला काहीतरी हवं."

कोणी हसले नाही. परवानगी मिळाली नाही. पुढच्याच रविवारी त्याने स्वतः नळी विकत आणली. जोडणी मी केली. वाडीने चर खणला. संध्याकाळी जांभळीखाली पाणी आले तेव्हा बायका हंडे घेऊन नुसत्या उभ्या होत्या, जणू कोणी बोलले तर ते थांबेल... महिन्याभरात मनोहरची बदली बंदराकडच्या द्रोणागिरीतल्या गोदामात झाली. निवृत्तीपर्यंत तो तिथे कंटेनर मोजत बसला. मी एकदा विचारले, "पश्चात्ताप होतो?" तो म्हणाला, "पाणी येतंय ना?" हा विषय आम्ही पुन्हा काढला नाही.

मागच्या आठवड्यात मी एकटाच वाडीवर गेलो. चढ पूर्वीपेक्षा लांब वाटला. सपाटीवर कंपनीची पाटी अजून उभी आहे. अक्षरे पुसट झाली आहेत, आणि वाघोबाबरोबर तिलाही कोणीतरी शेंदूर लावला आहे. मनोहरला ते दाखवावे म्हणून मी मागे वळलो. मागे फक्त पायवाट होती.

जांभळीच्या बुंध्याला खिळ्यावर दोरीने फुलपात्र टांगलेले होते. आता म्हातारी झालेली पारूबाई बाहेर आली, डोळ्यांवर हात धरून पाहू लागली. "मोठं साहेब नाय आलं?"

"नाही. ते गेले."

तिने खिळ्यावरचे फुलपात्र काढून हातात घेतले. मग विचारले, "तुमी त्यांचं कोण?"

"मित्र."

तिने राखेने फुलपात्र घासले, नळाखाली धरले आणि काठोकाठ भरून माझ्यापुढे केले. "मंग प्या."

मी प्यायलो. नळ घट्ट बंद केला आणि फुलपात्र त्याच्या खिळ्यावर अडकवले.