मागच्या काचेवरचा कागद

ललिता गायकवाड अकरा वर्षं बिबवेवाडीत शाळेची व्हॅन चालवतात. गालांवर लाल चट्टे उठले, तेव्हा डॉक्टर म्हणाले, "ऊन टाळायचं." तेवढ्यावर त्यांच्या मुलानं, राकेशनं, आईला न विचारता व्हॅनच्या मागच्या काचेवर कागद चिकटवला : विकणे आहे. खाली स्वतःचा नंबर.

सकाळची फेरी आटोपली आणि ललिताबाईंनी व्हॅन थेट काचांना फिल्म लावणाऱ्याच्या दारात उभी केली. "काळी नको. पोलीस अडवतील, आणि मुलांच्या आयांना मी दिसले पाहिजे. पारदर्शक, नियमात बसणारी लाव. आधी पुढच्या काचेला."

दुपारी काम संपतासंपता, रस्त्यावरून व्हॅन दिसली म्हणून राकेश धावत आला. पुढची काच निरखून म्हणाला, "आई, तुला गंडवलंय! काच होती तशीच दिसतेय."

"तशीच दिसायला हवी. कातडी जाळणारं ऊन अडलं म्हणजे झालं."

"पण डॉक्टर म्हणाले..."

"ऊन टाळा म्हणाले. गाडी टाळा नाही म्हणाले."

फिल्मवाल्याकडून पातं मागून घेऊन त्या मागं गेल्या आणि तो कागद खरवडून काढला.

"शाळा सुटेल आता. बसतोस, की चालत येतोस?"