कर्ण्यातलं पिवळं फडकं

आयुष्यभर मी बोलत आले. मास्तरीणच होते, न बोलून कसं चालेल? घरी, शाळेत, कट्ट्यावर — माझं तोंड घटकाभर बंद राहिलं तर लोक विचारायचे, बाई आजारी आहेत का? पण एक गोष्ट या तोंडातून कधी बाहेर आलेली नाही. आईला सांगितली नाही, नवऱ्याला नाही, देवापुढे बसूनही नाही — त्याला ठाऊकच असणार, असं म्हणून टाळली. तुम्हाला सांगते. तुम्ही रत्नाला ओळखत नाही, म्हणून सांगता येईल असं वाटतं.

आधी रत्ना कोण ते सांगते. वेळ काढते आहे हे तुमच्या लक्षात येईलच. काढू द्या जरा.

सांगलीत आम्ही हळदीच्या वखारींमागच्या बोळात राहायचो. आई वखारीत हळद निवडायची. त्यामुळे आमच्या घरात सगळं पिवळं — आईची नखं, लुगड्याचा पदर, माझं पाटी पुसायचं फडकंसुद्धा. कितीही धुवा, पिवळं ते पिवळंच. आमच्या घरचं चिरगूट कुठंही पडलेलं असलं तरी ओळखू यायचं. बोळाच्या तोंडाशी रत्नाचं घर. जैन मंडळी, खाऊन-पिऊन सुखी. रत्नाला पाचव्या वर्षी मोठा ताप आला, आणि जाताना तो तिचे कान घेऊन गेला. ठार बहिरी नव्हती. डाव्या कानाला तोंड लावून सावकाश बोललं की तिला सगळं समजायचं. हातभर लांब सरकलं, की काही नाही.

तिच्या आईला सगळा बोळ अक्का म्हणायचा. अक्का जिद्दीची. पोरगी शाळेत जाणार म्हणजे जाणार. पण बाईंचं शिकवणं पोरीच्या कानात शिरायचं कसं? मग एक दिवस अक्का आमच्या दारात आली आणि आईला म्हणाली, "तुमच्या गोदीला आमच्या रत्नाशेजारी बसू द्या की. पाटी-पुस्तक, दुपारचं जेवण आमच्याकडं." गोदी म्हणजे मी. आई मला त्याच वर्षी वखारीत नेणार होती. तिनं जरा विचार केला आणि म्हणाली, "बरं. तिला गरज हाय तवर जाऊ दे."

गरज आहे तोवर. हे वाक्य विसरू नका. मी कधी विसरले नाही.

तर मी रत्नाचा कान झाले. बाई एक वाक्य बोलून थांबायच्या, मी ते रत्नाच्या कानात सांगायची, आणि मग बाई पुढचं बोलायच्या. बाईंनी कधी घाई केली नाही. पाढे, कविता, नकाशातल्या नद्या, शुद्धलेखन — सगळं माझ्या तोंडून तिच्या कानात. आणि मी काय गप्प बसणारी होते? मधे मधे माझ्या पदरचं घालायची. "कृष्णा महाबळेश्वरास उगम पावते, आणि बाईंच्या अंबाड्यातला आकडा आता पडतोय बघ." रत्ना खदाखदा हसायची. स्वतःचं हसणं तिला ऐकू यायचं नाही, त्यामुळे किती मोठ्यानं हसतो आहोत याचा तिला पत्ताच नसायचा. छडी मिळायची ती मला. ती बाकाखालून माझा हात दाबून धरायची.

माझी फार लाडकी होती ती. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढचं ऐकून तुम्हाला ते खरं वाटणार नाही. गणितात माझ्या दुप्पट हुशार. अक्षर मोत्यासारखं. मला जे काही आलं ते एवढ्याचसाठी, की प्रत्येक गोष्ट मला दोनदा शिकावी लागायची — एकदा ऐकताना आणि एकदा तिला सांगताना.

आम्ही पाचवीत असताना तिचा मामा रजेवर आला. लढाईचे दिवस होते, आणि तो मिलिटरीच्या दवाखान्यात मलमपट्टी करायचा. तिथं कमी ऐकू येणारा एक साहेब नळीतून ऐकतो, हे त्यानं पाहिलेलं. येताना पाच हात लांबीची रबराची नळी घेऊन आला. सांगलीतल्या पत्रेवाल्याकडून रॉकेलच्या डब्याचा एक कर्णा करून घेतला आणि नळी त्याच्या निमुळत्या तोंडाला बसवली. शनिवारी दुपारी सोप्यात आम्ही सगळे जमलो. कर्णा अक्काच्या हातात, नळीचं टोक रत्नाच्या कानात. अक्का लांब उभी राहून, न ओरडता, रोजच्यासारखी म्हणाली, "रत्ना, भूक लागली का गं?"

"लागली!" रत्ना म्हणाली.

मग अक्का खाली बसली आणि पदरात तोंड घालून रडली. रत्ना मात्र तिच्या मागं लागली — पुन्हा बोल, पुन्हा बोल. वीस वेळा तरी "भूक लागली का गं" झालं असेल. मग रत्नानं माझ्या गळ्यात हात टाकले आणि म्हणाली, "गोदे, सुटला बघ तुझा घसा!" मीही नाचले. खोटं नव्हतं ते. त्या दुपारी मी खरोखर आनंदात होते.

संध्याकाळी आईला सगळं रंगवून सांगितलं. आईला बरं वाटलं. चुलीपुढे बसून भाकरी थापता थापता ती म्हणाली, "चांगलं झालं बाई पोरीचं. मग आता तुजं काय काम साळंत? सोमवारी जा, बाईस्नी सांगून ये. मंगळवारपासनं वखारीत चल माज्यासंगं."

तिचं काय चुकलं? ठरलेलंच होतं ते.

मामा रविवारी पलटणीला परत गेला. सोमवारी आम्ही शाळेला निघालो. दप्तर रोज मीच घ्यायची, तसा कर्णाही माझ्याच काखेत. रत्ना पुढं. नवी रिबीन बांधलेली, पाय जमिनीवर ठरत नव्हता. वाटेतल्या हौदाशी मी पाणी प्यायला थांबले. हौदाच्या भिंतीमागं गेले, पाटी पुसायच्या फडक्याचा निम्मा तुकडा फाडला, त्याचा बोळा केला आणि कर्ण्यात घालून पेन्सिलीनं आत ढकलला — जिथं नळी सुरू होते, अगदी तिथपर्यंत. वरून बघितलं तर अंधारात काही दिसत नव्हतं. मग पाणी प्यायले.

वर्गात बाईंनी कौतुकानं कर्णा हातात घेतला. "रत्ना, मी काय म्हणते सांग बघू." रत्ना हसत होती. हसतच राहिली. मग म्हणाली, "बाई, जरा मोठ्यानं." बाई मोठ्यानं बोलल्या. मग ओरडल्या. मुली फिदीफिदी हसायला लागल्या. रत्नानं नळी काढून झटकली, पुन्हा घातली, दुसऱ्या कानात घालून पाहिली. "परवा आलं होतं," ती म्हणाली, "खरंच आलं होतं, बाई." आणि माझ्याकडं वळली. साक्षीदार मीच होते ना? "गोदे, आलं होतं न्हवं?"

मी तिच्या डाव्या कानाला तोंड लावलं. ज्या कानात तोवर मी एक अक्षर खोटं सांगितलं नव्हतं — थट्टा केली असेल, खोटं नाही — त्या कानात मी म्हणाले, "तुला वाटलं असंल."

आणि तिचे डोळे भरलेले पाहिल्यावर वर आणखी म्हणाले, "मी हाय की."

तिनं माझा हात घट्ट धरला. बघा आता — माझाच हात धरला.

घरी अक्कानं पुन्हा करून पाहिलं. काहीच नाही. मग अक्काला आठवलं, की सकाळीच रत्नाला न्हाऊ घातलं होतं. "डोक्यावरून पाणी घेतलं, ते कानात गेलं, उरलंसुरलं होतं तेही माझ्या हातानं गेलं," असं म्हणून अक्कानं स्वतःच्या तोंडात मारून घेतलं. त्या दिवसापासून कापसाचे बोळे घातल्याशिवाय तिनं रत्नाच्या डोक्यावर पाण्याचा थेंब घेऊ दिला नाही. ते बोळे घालायला मीही मदत करायची.

काढता आलं नसतं का ते फडकं? येत होतं. कर्णा त्यांच्या फळीवरच पडलेला असायचा. उद्या काढू, असं मी रोज म्हणायची. पण उद्या काढलं, तर परवा वखार. आणि एकदा आठवडा गेला, की मग फडकं कुणी घातलं, हा प्रश्न आलाच. पिवळं फडकं या बोळात कुणाच्या घरचं? अशी दोन वर्षं गेली. आई वखारीबद्दल बोलायची थांबली. फळीवरची नळी उकाड्यानं चिरली आणि कुणीतरी ती टाकून दिली.

सातवीची फायनल आली. शुद्धलेखनाला दोन मुली कानात कुजबुजतात, हे परीक्षकांना कसं चालावं? आमच्या बाईंनी खूप रदबदली केली, पण मला पार दुसऱ्या टोकाला बसवलं. परीक्षक वाचत होते. मी लिहीत होते. मधे एकदा मान वर केली, तर रत्ना टाक हातात धरून माझ्या ओठांकडं बघत होती. मी मान खाली घातली. गणितात तिला सगळ्या वर्गाहून जास्त मार्क पडले, शुद्धलेखनाचा कागद कोरा. मी पास झाले. ती नापास झाली. माझ्या पासाचे पेढे त्या बोळात घरोघर वाटले ते रत्नानं.

इथवर ऐकून तुम्ही म्हणाल, लहान होतीस गं. माणसं मायाळू असतात, म्हणतात तसं. म्हणूनच उरलेलं सांगायला हवं.

मला साताऱ्याला मास्तरणीच्या ट्रेनिंगला जागा मिळाली. लढाई संपली होती. शाळेत उशिराच गेलेली, त्यामुळे मी सोळा वर्षांची, म्हणजे काही लहान नव्हे. निघायच्या आदल्या सकाळी निरोप घ्यायला गेले. अक्काला मला शेंगांचं तेल द्यायचं होतं — परमुलखात पोरीला चटणीवर घ्यायला असावं म्हणून. बाटलीत तेल ओतायला नरसाळं सापडेना. तिनं फळीवरून तो कर्णा काढला, माझ्या हातात दिला आणि म्हणाली, "यात कायतरी अडकलंय. काढ बघू. मी तेल घेऊन येते." आणि आत गेली.

मी पाठ फिरवली. डोक्यातला आकडा काढून आत घातला. फडकं सहज आलं. दोन वर्षांनीही पिवळं. ते मी मुठीत दाबलं.

वळले तर रत्ना समोर. कर्ण्याकडं बघून तिला हसू आलं. जुनी गंमत आठवल्यासारखं तिनं तो घेतला, निमुळतं तोंड आपल्या डाव्या कानाला लावलं, रुंद तोंड माझ्यापुढं धरलं आणि म्हणाली, "बोल, गोदे. जाता जाता एकदा बोल यातनं."

कर्ण्याच्या काठाआड माझे ओठ तिला दिसत नव्हते. कर्णा मोकळा होता. एक शब्द — तिचं नाव जरी घेतलं असतं — तरी तिला ऐकू गेलं असतं. मग तिनं अक्काला हाक मारली असती. आतून काय निघालं, असं अक्कानं विचारलं असतं. माझी मूठ उघडावी लागली असती. साताऱ्याचं पत्र माझ्या कमरेला खोचलेलं होतं.

मी कर्ण्यात तोंड घातलं. आणि गप्प राहिले.

ती वाट बघत होती. डोळे मिटून, भुवया उंचावून, वर्गात अवघड गणित ऐकताना बसायची तशी. मी मनात वीसपर्यंत मोजलं. मग मान बाजूला केली — बोलून झालं असावं तशी.

"न्हाई गं," ती म्हणाली. "कायसुदीक न्हाई." आणि उलट माझ्याच गालावरून हात फिरवला, मला वाईट वाटू नये म्हणून. "ऱ्हाऊ दे. तू होतीस म्हणून सातवीपतोर तरी आले."

पुढल्या वर्षी तिला जतच्या बाजूला दिलं. सासरची माणसं घरात कानडी बोलायची. तिथं तिच्या डाव्या कानाशी कोण बसलं, बसलं की नाही, मला माहीत नाही. मी कधी गेले नाही. सबंध नोकरीत मी शेकडो मुलांना शिकवलं. कमी ऐकू येणारं मूल दिसलं, की त्याला पुढच्या बाकावर बसवायची. त्याबद्दल माझं फार कौतुक झालं. ते मी करून घेतलं.

त्या सकाळी अक्का तेलाची चरवी घेऊन बाहेर आली. रत्नानं बाटली धरली, अक्कानं कर्णा बाटलीच्या तोंडावर ठेवला आणि तेल ओतलं. कुठंही न अडता सरळ खाली गेलं. "काय होतं गं आत?" अक्कानं विचारलं. मी म्हणाले, "कचरा."

ते तेल मी साताऱ्यात दोन महिने पुरवून खाल्लं.