कपाटात राहिलेल्या पदव्या

नगरच्या एका कॉलेजात आसाराम शेळके यांनी छत्तीस वर्षं ऑफिसच्या खिडकीमागे बसून काढली आणि तेवढी वर्षं पोरं त्यांना टरकून होती. प्राचार्यांना नव्हे, आसाराम भाऊसाहेबांना. फॉर्मवर खाडाखोड दिसली की फॉर्म परत. फोटोवर सही नाही, परत. साडेपाचला खिडकी बंद, मग बाहेर कुणी का उभं असेना. या कडकपणाचा त्यांना चांगलाच अभिमान होता आणि तो लपवायची तसदी त्यांनी कधी घेतली नाही.

निवृत्तीला सात वर्षं झाली आणि गेल्या दिवाळीनंतर नव्या प्राचार्य निवेदिता मॅडमचा फोन आला. जुन्या ऑफिसातलं एक लोखंडी कपाट रिकामं करायचं होतं. त्यात पदवी प्रमाणपत्रं पडून होती. विद्यापीठाकडून आलेली, नाव घातलेली, शिक्का मारलेली, पण ज्यांची होती ते कधी न्यायलाच आले नव्हते. कुणाचं मार्कलिस्टवर भागलं, कुणाचं लग्न ठरलं, कुणी घाईनं पुणं गाठलं. आता फेब्रुवारीअखेर ज्यांची देता येतील त्यांची द्यायची आणि उरलेली विद्यापीठाला परत पाठवायची, असं ठरलं होतं.

"तुम्हाला ही मुलं आठवत असतील ना, भाऊसाहेब?" मॅडमनी विचारलं.

आठवत असतील? भाऊसाहेबांना त्यांचे रोल नंबर आठवत होते.

दुसऱ्या दिवसापासून गडी कामाला लागला. पिशवीत प्रमाणपत्रं, बगलेत रजिस्टर, खिशात अर्ध्या तिकिटासाठी आधार कार्ड. जिल्ह्याला नवं नाव मिळालं असलं तरी कंडक्टरच्या आरोळीत अजून नगरच होतं, त्यामुळे चुकायची भीती नव्हती. रजिस्टरात नाव, वर्ष आणि सही असे तीन रकाने होते. भाऊसाहेबांनी पट्टीनं चौथा आखला आणि वर लिहिलं, 'सध्या'.

तो रकाना बघता बघता असा भरत गेला की वाचणाऱ्याची छाती फुगावी. भिंगारचे श्रीमंत नावाचे गृहस्थ, बी.कॉम., लष्कराच्या भांडारात तेहेतीस वर्षं नोकरी करून निवृत्त. प्रमाणपत्र हातात आल्यावर त्यांनी आधी बायकोला हाक मारली, कारण बी.कॉम. झाल्याचं तिला कधी खरंच वाटलं नव्हतं. भटजींच्या घरातला यज्ञेश्वर फिजिक्स शिकला आणि आता म्हाताऱ्यांच्या कानाची मशीनं बसवतो. भाऊसाहेबांचाही कान त्यानं फुकटात तपासून दिला. बी.ए. झालेली रेश्मा एसटीत कंडक्टर आहे. तिनं चालत्या गाडीत, दोन तिकिटांच्या मध्ये सही ठोकली आणि सगळ्या गाडीनं टाळ्या वाजवल्या. भाऊसाहेब घरी येऊन हे सगळं बायकोला असं सांगत, जणू ही सारी पोरं त्यांच्याच पोटची.

पण खरं सांगायचं तर ही पायपीट एकाच पदवीसाठी होती. सकीना तांबोळी, बी.एस्सी. केमिस्ट्री, पहिला वर्ग, १९९३.

त्याचं असं झालं होतं. चौऱ्याण्णव साली एका दुपारी सकीनाचे वडील जैनुद्दीनभाई खिडकीशी आले. राजूरच्या बाजारात त्यांचं बांगड्यांचं दुकान. डोंगरातून पहाटे निघून, दोन गाड्या बदलून नगरला पोचलेले. पंधरा दिवसांवर मुलीचं लग्न होतं आणि लग्नात तिला तिची पदवी द्यायची, ही त्यांची हौस. भाऊसाहेबांनी प्रमाणपत्र कपाटातून काढलंसुद्धा. पण ज्याची पदवी त्यालाच द्यायची, असा तेव्हाच्या प्राचार्यांचा हुकूम होता. जैनुद्दीनभाईंनी हात जोडले. मागं रांग खोळंबली होती, भाऊसाहेब तापले होते, आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात ते म्हणाले, "पदवी तिची आहे, तुमची नाही. बाप असलात म्हणून काय झालं?"

जैनुद्दीनभाईंनी मान हलवली आणि ते गेले. पुढं ना ते आले, ना सकीना.

आपण नियमानं वागलो हे भाऊसाहेबांनी स्वतःला हजारदा समजावलं. तरी ती जोडलेल्या हातांची आठवण काही केल्या जाईना. लेकीच्या लग्नाच्या तोंडावर आपण एका बापाचा पाणउतारा केला, ही बोच एकतीस वर्षं राहिली. म्हणून ते कागद विद्यापीठाला परत जायच्या आत सकीनाला शोधायचं, एवढा एकच ध्यास त्यांनी घेतला होता.

जानेवारीत ते राजूरला जाऊन आले. जैनुद्दीनभाईंच्या दुकानाच्या जागी मोबाईलचं दुकान होतं. शेजारी भाजी विकणाऱ्या बनुबाईंनी सांगितलं, "ते व्हय? त्येंला जाऊन आठ वर्सं झाली. लई भला मानूस. लेक तिकडं लांब दिलीया, मिरगाव का मिरजगाव, काय म्हनत्यात. ब्याटऱ्यांचं दुकान हाय म्हनं." माफी मागायचा माणूसच राहिला नव्हता. भाऊसाहेब परतीच्या गाडीत संगमनेर येईस्तोवर खिडकीबाहेर बघत बसले.

मिरगावाच्या मागं लागण्यात आणि मग तापानं अंथरूण धरण्यात महिना गेला. मिरजगावला पोचायला फेब्रुवारीचा शेवटचा दिवस उजाडला. हमरस्त्याला लागूनच दुकान होतं. बाहेर दोन ट्रक उभे, आत फळ्यांवर बॅटऱ्या, आणि गल्ल्यावर कंबरेला पट्टा बांधलेले पन्नाशी उलटलेले गृहस्थ. ते सकीनाचे नवरे, मुजफ्फर. पाठीच्या दुखण्यानं त्यांचं उचलणं बंद झाल्यापासून दुकान बायकोच चालवत होती. बॅटरीतलं ॲसिड किती ताकदीचं, प्लेटा जगतील का मेल्या, हे ती काचेची नळी बुडवून सांगायची आणि सोलापूर रोडचे ड्रायव्हर तिचा शब्द शेवटचा मानायचे.

"भाभीनं म्हनलं बॅटरी गेली, तर गेली," एक ड्रायव्हर आपणहून भाऊसाहेबांना म्हणाला. "कंपनीवाला आला तरी मी त्याचं ऐकत न्हाई."

सकीना मात्र जागेवर नव्हती. एका वस्तीवर ट्रॅक्टरची बॅटरी बसवायला गेली होती आणि तिथं फोनला रेंज नव्हती. साडेपाचच्या आत रजिस्टर कॉलेजात पोचवायचं तर साडेतीनची गाडी गाठणं भाग होतं. सव्वातीन झाले. भाऊसाहेबांनी पिशवीतून प्रमाणपत्र काढलं. त्यांना डोळ्यांसमोर ती जुनी दुपार दिसत होती. पुन्हा तेच करायचं? पुन्हा घरच्या माणसाला रिकाम्या हातानं ठेवून निघून जायचं? छत्तीस वर्षांच्या नोकरीत जे केलं नव्हतं, ते त्यांनी ठरवून टाकलं.

"तुम्हीच घ्या," ते मुजफ्फरना म्हणाले. "इथं सही करा. नियमात बसत नाही, पण जबाबदारी माझी."

मुजफ्फरनी पुढं केलेला कागद बघितला आणि दोन्ही हात मागं घेतले.

"न्हाई भाऊसाहेब. ते माझ्यानं व्हायचं न्हाई."

"का?"

"आमच्या सासऱ्यांनी मला बजावून ठेवलंय. ते एकदा नगरला गेल्ते हे आनायला. तिथल्या सायबानं त्येंला सांगितलं, ही तुमच्या लेकीची हाय, बापाला बी मिळायची न्हाई. ते लई खूश होऊन परत आले. राजूरच्या बाजारात दुकानादुकानात सांगत फिरले, आमच्या लग्नात बी चार मान्सांत उभं राहून सांगितलं. म्हनाले, जमिनीचं, घराचं, सगळं बापाच्या नाहीतर नवऱ्याच्या हातानं चालतं. पन माझ्या पोरीनं अशी चीज कमावलीया, की बापानं हात जोडले तरी सरकार देत न्हाई. मग मला जवळ बोलावून म्हनाले, जावईबापू, तुमी बी हात लावू नका, तिच्याच हातात जाऊ द्या."

भाऊसाहेब खुर्चीत बसले. त्यांना वाटलं होतं, तो माणूस अपमान गिळून गेला. तो तर मिरवत गेला होता. एकतीस वर्षांची बोच अशी एका वाक्यात निघाली आणि भाऊसाहेबांना रडू फुटलं, ते त्यांनी आवरलंही नाही. मग त्यांनी साडेतीनची गाडी समोरून जाऊ दिली आणि मॅडमना फोन लावला. "रजिस्टर उद्या सकाळी मिळेल," ते म्हणाले. "आयुष्यात पहिल्यांदा मुदत मागतोय." मॅडम हसल्या आणि त्यांनी दिली.

सकीना साडेचारला आली. स्कूटीवर मागं जुनी बॅटरी बांधलेली, ओढणी कंबरेला खोचलेली. खुर्चीतल्या माणसाकडे तिनं क्षणभर निरखून पाहिलं.

"शेळके भाऊसाहेब ना?" ती म्हणाली. "माझा फॉर्म तुम्ही तीनदा परत केला होता."

भाऊसाहेबांनी उत्तरादाखल प्रमाणपत्र वर धरलं. तिनं हात पुढं केला नाही. हातांना ॲसिड होतं. ती मागं गेली, साबणानं दोनदा हात धुतले, ओढणी सोडून डोक्यावर घेतली आणि समोर येऊन उभी राहिली.

"इतक्या वर्षांत आली का नाहीस, पोरी?"

"अब्बा म्हणायचे, आपण दोघं मिळून जाऊ. साहेब तुझ्या हातात देताना मला बघायचंय. कधी त्यांना जमायचं नाही, कधी मला. ते गेल्यावर एकटीनं जायला मन होईना."

भाऊसाहेब उठून उभे राहिले. मुजफ्फरही कंबर धरून उठले, ड्रायव्हरनं तोंडातली तंबाखू बाहेर जाऊन थुंकली. भाऊसाहेबांनी दोन्ही हातांनी दिलं, तिनं दोन्ही हातांनी घेतलं. मग ती वाचू लागली. वर्ष, विषय, वर्ग. नावाशी येऊन थांबली आणि त्यावर बोट ठेवून मोठ्यानं वाचलं, "तांबोळी सकीना जैनुद्दीन."

"अब्बांचं नाव आहे यात," ती म्हणाली.

"आहे," भाऊसाहेब म्हणाले. "त्या दिवशी मी त्यांना चुकीचं सांगितलं. ही त्यांचीही होती."