न फुटणारं बोंड

“असली तं कोणाच्याही खोक्यावर भेटते, नकली भेटाले नशीब लागते,” असं यमुना सोमकुवर एकदा म्हणाली होती, आणि म्हणताना तिचा चेहरा वरमाईसारखा फुलला होता.

मध्य प्रदेशातल्या सौंसरच्या नगरपालिकेत ती शिपाई. वय बावन्न. छंद होलोग्राम जमवायचा. पंख्याच्या खोक्यावर, चार्जरवर, औषधाच्या बाटलीवर माल खरा असल्याची खूण म्हणून रंग बदलणारी चंदेरी टिकली असते ना, ती. यमुना तिला चमकी म्हणायची. दारूच्या बुचावरही सरकारी चमकी असते, म्हणून सकाळी कामावर जाताना ती बसस्टँडमागे वाकून रिकाम्या बाटल्या उचलायची. शेजारच्या कलाबाईनं एकदा हटकलंच, “काहो यमुनाबाई, रिकाम्याच पेऊन राहिल्या का?”

“भरलेल्या तुमच्या मालकासाठी ठेवल्या,” यमुना म्हणाली.

भाची रश्मी तिच्याकडे राहून कॉलेज करायची. तिनंच आत्याला फोनवरच्या ‘तिरपं धरा’ या गटात घातलं. केरळपासून कोल्हापूरपर्यंतचे चाळीसेक चमकीवेडे तिथे जमले होते. अदलाबदल टपालानं चालायची. गटाचा एकच कडक नियम होता, फोटो टाकायचा नाही. फोटोत चमकी मरते. सकाळच्या उन्हात खिडकीशी धरून ती सावकाश कलवायची आणि तेवढा व्हिडिओ टाकायचा.

“आत्या, हात हालून राहिला तुमचा.”

“तू काढ वं. मार्कशीटवरची चमकी मागितली नाही तुले, एवढं तं कर.”

जूनमध्ये शेजारचा वीरेंद्र कपाशीच्या बियाण्याची पाकिटं घेऊन आला. जवळच्या रामाकोना गावात त्याचं वावर, कपाशीचं शेत. पाकिटाच्या खोक्याची चमकीवाली बाजू त्यानं फाडून दिली. “घे मावशी, तुझा प्रसाद.”

त्या कंपनीच्या तीन चमक्या तिच्याकडे होत्याच. तिरपी धरली की त्यातलं मिटलेलं बोंड फुटून पांढरा कापूस दिसायचा. हिच्यातलं बोंड कितीही कलवलं तरी फुटेना. यमुनानं रश्मीला हाक मारली. व्हिडिओ टाकला आणि गट नाचायला लागला. ‘पक्की नकली! अभिनंदन!’ कोल्हापूरचे एक निवृत्त मास्तर बदल्यात आपल्या दोन जुन्या चमक्या द्यायला तयार झाले. यमुनानं दिली नाही. नगरपालिकेत जिलेबी मात्र वाटली.

जुलै उजाडला तरी वीरेंद्रच्या वावरात चारातलं एकच बी उगवलं होतं. दुकानदार म्हणाला, “बी असली होतं, वावरच तुमचं खराब.” भरपाई हवी तर पाकिटं नकली होती हे दाखवायला हवं, आणि खोकी तर केव्हाच चुलीत गेलेली. उरला होता तो यमुनाच्या अल्बममधला तुकडा.

“मावशी, आता तूच वाचव.”

यमुना रजा टाकून, अल्बम पिशवीत घालून निघाली. पांढुर्ण्याच्या बसमध्ये, कृषी कार्यालयात साहेबाला काय दाखवायचं ते तिनं वीरेंद्रला तीनदा शिकवलं. बोलला मात्र तो नाहीच, तीच बोलली. साहेबानं असली आणि नकली दोन्ही चमक्या खिडकीशी धरल्या. एकीतलं बोंड फुटलं, दुसरीतलं नाही.

“अरे वा, बाई. पर ये इसी साल का है, ये कैसे मानें?”

यमुनानं ऐटीत फोन पुढे केला. साहेबानं व्हिडिओची तारीख लिहून घेतली. “चौदह जून. दुकान के बिल के दूसरे दिन. पक्का काम हो गया.”

वीरेंद्र वाकून पडद्यावरची अभिनंदनं वाचत होता. हसत हसत वाचता वाचता तो थांबला.

“मावशी, मी सरकी बावीस तारखेले लावली.”

त्या चाळीस जणांतल्या एकालाही खोक्याच्या आतलं बी आठवलं नव्हतं. केरळच्या माणसानं का आठवावं? पण वीरेंद्रचं दार यमुनाच्या दारापासून सात पावलांवर होतं.

“आठ दिवस होते, मावशी. नुसतं सांगाचं होतं.”

साहेब नकली चमकी अर्जाला टाचत होता. ती परत कधी मिळेल, हे यमुनानं विचारलं नाही. अल्बम टेबलावर तसाच उघडा ठेवून तिनं पायात चपला सरकवल्या आणि ती बाहेर पडली.