फ्लॅश धरणारी

गिऱ्हाइकं तिला लाइटवाल्या बाई म्हणत. कॅमेरा नवऱ्याच्या हातात, आणि त्याच्यापासून चार पावलं बाजूला, लांब दांड्याच्या टोकाला फ्लॅश नि पांढरी छत्री लावून तो दांडा डोक्यावर तोलत उभी राहायची ही. एकोणीस वर्षं असंच चाललं होतं. फ्लॅश मुठीएवढा आणि छत्री चांगली दोन हातांची. नाकापेक्षा मोती जड, त्यात वारा सुटला की तो मोती उडायला बघे. स्टँड घेतला नव्हता असं नाही. दुसऱ्याच दिवशी तो वाऱ्याने एका आजोबांच्या पायावर पडला. तेव्हापासून नवरा सगळ्यांना सांगे, "स्टँड पडतो, बायको पडत नाही." लोक हसत. पहिली काही वर्षं तीही हसली.

काम दिसतं तसं सोपं नव्हतं. संध्याकाळी बागेत फोटो काढायचा तर माणसांना सूर्याकडे पाठ करून बसवावं लागतं. तोंड केलं की सगळं घर डोळे मिचकावत बसतं. पण पाठ केली की मागचं आभाळ सुरेख आणि माणसं कोळशासारखी. तिथे फ्लॅश हवा, आणि तोही कॅमेऱ्यावरचा नाही. बाजूने, थोडा वरून, खिडकीतून उजेड यावा तसा. जवळच्या माणसाकडे छत्री वळवली तर त्याचं कपाळ पांढरंफटक पडतं आणि टोकाचा माणूस अंधारात राहतो. म्हणून छत्रीचं तोंड नेहमी सगळ्यात लांबच्याकडे. जवळच्याला उरलंसुरलं पुरतं. हे तिला कोणी शिकवलं नव्हतं. दोन वर्षं फोटो बिघडवून तिचं तिलाच उमगलं होतं.

पुढे घरोघरी कॅमेऱ्याचे फोन आले आणि दुकानात येऊन बसणारी गिऱ्हाइकं आटली. उरलं ते एवढंच, मावळतीचं आभाळ मागे घेऊन काढलेलं अख्खं कुटुंब. फोनला ते तितकंसं साधत नव्हतं. "आपलं दुकान म्हणजे तुझा हात," नवरा एकदा जेवताना म्हणाला होता. तिला बरं वाटलं होतं. तीन महिन्यांपूर्वी खांदा आखडला तेव्हा मात्र तेच वाक्य ओझं झालं.

डॉक्टरांनी सांगितलं, सहा महिने हात वर करायचा नाही. तिने तो कागद घडी करून सेल ठेवायच्या डब्याच्या तळाशी घातला आणि वर सेल ठेवले. वेणी घालायला हात मागे जाईना, म्हणून केस मानेपर्यंत कापून टाकले. नवरा म्हणाला, "बरं दिसतंय. सुटसुटीत." विषय तिथेच संपला. दुखणं ती सोसत होती. भीती वेगळीच होती. आपण थांबलो, वाळूची पिशवी बांधून स्टँड उभा केला आणि सगळं बिनबोभाट पार पडलं, तर एकोणीस वर्षं आपण केलं काय? स्टँडचंच काम?

त्या रविवारी बागेत नऊजणांचं घर आलं. आजोबा, आजी, दोन मुलगे, धाकट्याची बायको आणि चार नातवंडं. दहावी एक होती, ती फोटोतली नव्हती. मोठ्या मुलाची आधीची बायको. दोन मुलं तिच्याकडे असत. त्यांना सोडायला आली होती आणि परत न्यायची म्हणून थांबली होती. आजीने तिला नुसत्या मानेने सांगितलं, तिकडे. तिकडे म्हणजे दांड्याशेजारी. ती मुलांचे स्वेटर आणि पाण्याची बाटली घेऊन येऊन उभी राहिली.

"चला, आजोबा मध्ये," फोटोग्राफर म्हणाला. "वीस मिनिटांत ऊन जाईल."

"मी जायच्या आत घ्या म्हणजे झालं," आजोबा म्हणाले.

पहिले पाच-सहा फोटो झाले. मग तिचा खांदा आतून करवतीने कापावा तसा ओढू लागला.

"अगं, वर. जरा वर."

तिने वर केला. दोन फोटोंत दांडा पुन्हा उतरला.

"वर म्हणतोय ना."

ती दात आवळून उभी होती. छत्री थरथरत होती आणि उजेड पुढे बसलेल्या पोरांच्या गुडघ्यांवर पडत होता.

"हात कापतोय तुमचा," शेजारची हळूच म्हणाली. "द्या इकडे."

"नको, सवय आहे मला."

"सवय मलाही होती हो पुष्कळ गोष्टींची," ती म्हणाली. तिने स्वेटर आणि बाटली गवतावर ठेवली नि दांडा सरळ हातातून काढून घेतला. "सांगा, कोणावर धरू?"

"टोकाला कोण आहे बघा. त्याच्यावर."

टोकाला तिचा आधीचा नवरा उभा होता. तिने क्षणभर बघितलं. मग छत्री उचलली आणि बरोबर त्याच्याकडे वळवली.

"आणखी थोडी वर," लाइटवाल्या बाईने सांगितलं. "डावी कड खाली. हं, आता हलू नका."

आजीच्या ध्यानात आलं. "तू कशाला धरलीस?"

"राहू दे," आजोबा म्हणाले. "घराला उजेड दाखवायला शेवटी तिलाच बोलवावं लागलं."

धाकटी सून हसली, मग सासूकडे बघून गप्प झाली. टोकाचा माणूस बुटांकडे बघायला लागला.

"वर बघा," छत्रीमागून आवाज आला. "माझ्याकडे नाही. कॅमेऱ्याकडे."

पंधरा फोटो झाले, ऊन गेलं, माणसं पांगली. दोन मुलांची आई स्वेटर उचलून त्यांच्या मागे निघून गेली. नवरा बाकावर बसून कॅमेऱ्याच्या मागच्या काचेवर फोटो बघत होता.

"हे बघ. टोकाचा माणूससुद्धा कसा स्वच्छ आलाय. तीन महिन्यांत असं नव्हतं आलं."

ती त्याच्याकडे वळली. "म्हणजे तुम्हाला कळत होतं."

तो काचेवर बोट फिरवत राहिला. "कळणार नाही का? रोज कॉम्प्युटरवर बसून एकेक चेहरा उजळतोय मी. डोळे गेले माझे."

"मग विचारलं का नाही?"

"विचारलं असतं तर तू थांबली असतीस," तो म्हणाला. "आणि मग काय करायचं ते मला माहीत नव्हतं."

तिला चीड आली, पण चिडायलासुद्धा अंगात जोर लागतो. ती त्याच्या शेजारी बसली. "खांदा आखडलाय. सहा महिने वर करायचा नाहीये."

"बरं," तो म्हणाला. आणि मग न राहवून, "पण पुढच्या रविवारचे लोक?"

"प्रत्येक घरात एकजण बाजूला उभा असतोच हो. एकोणीस वर्षं त्याच्याच शेजारी उभी आहे मी. त्याच्या हातात देऊ. कुठे धरायचं ते मी सांगेन."

"आणि तसा कोणी नसला तर?"

"तर तुम्ही धरा. बटण मी दाबते."

तो हसला नाही. उठून त्याने दांडा गवतावर आडवा केला आणि छत्री मिटायला घेतली. ती मिटेना. उलटीकडून ओढली, काडी बोटाला लागली. इतक्या वर्षांत ती त्याने कधी मिटलीच नव्हती.

"आधी खालची कळ दाबा," ती बसल्या जागेवरून म्हणाली. "मग ओढा. जोर नका लावू."