आरशासारखं अंगण

माझी भाची रेवा मातीतल्या बारीक जिवांचा अभ्यास करते. परवा तिनं माझ्या टेबलावर दोन नरसाळी मांडली. एकात देवराईतला पालापाचोळा, दुसऱ्यात माझ्या अंगणातल्या आंब्याखालची माती. वर दिवे लावले. उष्णता नको म्हणून हे जीव खाली सरकत जातात आणि तळाच्या बशीतल्या स्पिरिटमध्ये पडतात.

आज तिनं सूक्ष्मदर्शकातून देवराईची बशी दाखवली. तपकिरी, चकचकीत, आठ पायांचे ठिपके. कुणाची पाठ गुळगुळीत, कुणाची केसाळ.

"मावशी, हे कोळ्यांचे चुलतभाऊ. कुजकी पानं खातात, त्याचीच पुढे माती होते. जागा बदलली की जाती बदलतात."

"मग माझ्याकडे कुठल्या?" मी हौसेनं विचारलं.

तिनं बशी बदलली. मी बराच वेळ डोळा लावून बसले. नितळ स्पिरिट, बाकी काही नाही.

"बशी चुकली का गं?"

"नाही, मावशी," ती हळूच म्हणाली.

रोज सकाळी मी अंगण झाडते आणि पानं कोपऱ्यात जाळते. एक पान म्हणून राहू देत नाही. भरल्या ताटावरून कुणाला उठवू नये, हे आमच्या घरात लहानपणापासून शिकवलेलं. आणि मी तर ताटंच जाळत होते, तेही अंघोळ करून, प्रसन्न मनानं.

संध्याकाळी शेजारच्या काकू फाटकाशी थांबल्या. "वहिनी, तुमचं अंगण म्हणजे अगदी आरसा हो!"

मी मान खाली घातली. खाली खरंच कुणी नव्हतं.